स्कँडिनेव्हियन पद्धतीने घर सजवताना: सुरुवात उजेडापासून करा

राखाडी सोफा, पांढऱ्याशुभ्र भिंती आणि काळ्या चौकटीतलं एखादं चित्र. स्कँडिनेव्हियन घर म्हणजे एवढंच, अशा समजुतीने मी कामाला लागले होते. सामान आलं, लागलं, आणि पहिल्याच संध्याकाळी छतावरचा दिवा लावला तशी खोली दवाखान्यातल्या बसायच्या जागेसारखी दिसायला लागली. एकेक वस्तू चांगली होती, तरी तिथे कुणाला टेकावंसं वाटेना.

चूक कुठे झाली ते कळायला बराच वेळ गेला. मी वस्तूंपासून सुरुवात केली होती आणि ही शैली जन्मली आहे उजेडाच्या टंचाईतून. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा दिवस असतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. तिथल्या माणसांचा हिवाळा घरातच जातो. म्हणून खिडकीतून येईल तेवढा उजेड खोलीच्या टोकापर्यंत पोचावा यासाठी फिक्या भिंती, तो वाटेत अडू नये यासाठी बारीक पायांचं हलकं फर्निचर, आणि अंधार पडल्यावर खोली भकास वाटू नये यासाठी जागोजागी छोटे दिवे, लोकर, लाकूड. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. खालच्या पायऱ्यांचा क्रम म्हणूनच असा आहे आणि फर्निचरची खरेदी इतकी मागे ठेवली आहे.

नावाबद्दल थोडं. १९५४ ते १९५७ या काळात ‘डिझाइन इन स्कँडिनेव्हिया’ नावाचं एक फिरतं प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडात शहरोशहरी गेलं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चारही देशांच्या वस्तू त्यात होत्या. ‘स्कँडिनेव्हियन डिझाइन’ हे नाव जगभर रुजलं त्यात या प्रदर्शनाचा मोठा हात आहे. फिनलंड भूगोलाने स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण या शैलीच्या गोष्टीतून फिनलंड वगळला तर ती अर्धीच राहते.

हाताशी ठेवायचं सामान

- पाच मीटरची मोजपट्टी, पाणसळ, पेन्सिल आणि एक वही
- मास्किंग टेपची दोन-तीन रिळं
- जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचे मोठे तुकडे, साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढे
- निवडलेल्या रंगांचे नमुन्याचे छोटे डबे आणि एक रोलर
- १८० आणि २४० नंबरचा सँडपेपर, सुती फडकी
- लाकडासाठी शुद्ध साबणाचे पापुद्रे (सुगंधी किंवा रंगीत साबण चालत नाही)
- जुनी वर्तमानपत्रं, चित्रांचे आकार कापून बघायला

१. आठवडाभर फक्त उजेड बघा

वहीत खोलीचा साधा नकाशा काढा. सकाळी आठ, दुपारी एक, दुपारी चार आणि सूर्यास्तानंतर, असं चार वेळा खोलीत उभं राहून ऊन कुठपर्यंत येतं ते नकाशावर रेघ मारून दाखवा. दिवसाही दिवा लावावा लागतो त्या कोपऱ्यांवर वेगळी खूण करून ठेवा. मग उजेड कोण अडवतंय ते शोधा. खिडकीला खेटून उभं असलेलं कपाट, काचेचा निम्मा भाग झाकणारे जाड पडदे, खिडकीत दाटीने ठेवलेल्या कुंड्या, बहुतेक घरांत यांपैकी काहीतरी सापडतंच. माझ्या घरात ते कपाट होतं. ते समोरच्या भिंतीला सरकवलं आणि एक पैसाही खर्च न होता खोली निराळी दिसायला लागली.

खिडकीची दिशाही लिहून ठेवा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड एकसारखा पण निळसर असतो. दक्षिणेचा प्रखर आणि उबदार असतो. हे टिपण रंग निवडताना लागणार आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या खोलीत दिवसभर कडक ऊन येत असेल तर उत्तर युरोपातल्या घराचा फोटो बघून तसाच्या तसा उतरवू नका. तिथे उजेड ओढून आणायचा असतो, तुम्हाला तो गाळून घ्यायचा आहे. लाकूड, लोकर, मोकळी जमीन हे सगळं तेच राहील, पण भिंत एक छटा गडद आणि खिडकीवर पातळ लिननचा पडदा लागेल.

२. खोली रिकामी करा

हलवता येईल ते सगळं बाहेर काढा. झाडून, पुसून एक रात्र खोली रिकामी राहू द्या. मग पंधरा दिवस जी वस्तू प्रत्यक्ष लागेल तीच आत आणा. उरलेल्या सामानाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा जवळपास सुटलेला असतो. आवडती पण कामाला न येणारी एक-दोन वस्तू जरूर परत आणा. घर म्हणजे परीक्षा नव्हे.

३. दिव्यांच्या जागा रंगकामाआधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, असं मी आग्रहाने सांगेन. मी दिव्यांचा विचार रंगकाम झाल्यावर केला आणि हव्या त्या जागी प्लगचे पॉइंटच नव्हते. ताज्या रंगवलेल्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या.

डेन्मार्कचे पौल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकात एकच प्रश्न हाती घेतला: विजेचा दिवा लख्ख उजेड देतो पण डोळ्यांत घुसतो, त्याचं काय करायचं? त्यांनी एकाखाली एक अशा तीन छत्र्या लावल्या. उजेड त्यांच्यावर आपटून मऊ होऊन खाली येतो आणि बल्ब नजरेला पडत नाही. १९५८ चा त्यांचा ‘पीएच ५’ दिवा आजही बनतो. तो विकत घ्यायलाच हवा असं मुळीच नाही, पण त्यामागचा नियम मात्र जरूर उचला: बसल्या जागेवरून बल्ब उघडा दिसता कामा नये. दिवा घेण्याआधी त्याच्याखाली खुर्ची ठेवून बसून बघा आणि मगच ठरवा.

बैठकीच्या खोलीला पाच ते सात छोटे दिवे धरा. एक जेवणाच्या टेबलावर लटकणारा, एक वाचायच्या खुर्चीशेजारी उभा, एक शेल्फवर, एक जमिनीलगतच्या ठेंगण्या स्टुलावर आणि एक खिडकीच्या कट्ट्यावर. स्वीडनमध्ये खिडकीत दिवा ठेवायची सवय घरोघरी दिसते. बाहेरचा काळोख काचेला चिकटून बसल्यासारखा वाटतो तो त्याने दूर सरतो. छतावरचा मोठा दिवा काढून टाकू नका, झाडलोट करताना तो लागतोच. संध्याकाळी मात्र तो बंद.

आकडे लिहून ठेवा. टेबलावरचा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ६० सेंटीमीटर वर लटकवा. त्याहून उंच गेला की उजेड ताटाऐवजी डोळ्यांत जातो. बल्ब २७०० केल्विनचे (केल्विन हा आकडा उजेड पिवळसर की निळसर ते सांगतो) घ्या आणि खोलीतले सगळे एकाच आकड्याचे घ्या. एक पिवळसर आणि एक निळसर बल्ब शेजारी शेजारी असले की चांगली खोलीही विसकटलेली दिसते. खोक्यावर सीआरआय हा आकडा असतो, बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा, तो ९० किंवा त्याहून जास्त बघा. तो कमी असला की लाकूड मातकट आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावणार असाल तर बल्ब डिमरवर चालणारा आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्या, नाहीतर तो लुकलुकत राहतो.

४. पांढरा रंग निवडताना घाई नको

पांढऱ्या रंगाच्या शेकडो छटा असतात आणि बहुतेक नवखे लोक इथेच घसरतात. दुकानातल्या कार्डावरचा बोटभर चौकोन बघून रंग ठरवू नका. स्वीडनमध्ये रंग सांगायची ‘एनसीएस’ नावाची पद्धत आहे. तिथल्या घरांत सर्रास वापरला जाणारा ‘स्टॉकहोम पांढरा’ या पद्धतीत ‘एस ०५०२-वाय’ असा लिहितात. यातला ०५ म्हणजे पाच टक्के काळेपणा, ०२ म्हणजे दोन टक्के रंग आणि वाय म्हणजे तो रंग पिवळ्याकडचा. थोडक्यात, ज्याला आपण पांढराशुभ्र समजतो त्यात किंचित काळा आणि चिमूटभर पिवळा असतो. भिंत उबदार वाटते ती त्या चिमटीमुळे. मी निवडलेला पांढरा निळ्याकडे झुकणारा होता आणि खिडकी उत्तरेची. निळ्यावर निळा पडला आणि खोली गारठली.

नमुना असा बघा: पुठ्ठ्याच्या तुकड्याला रंगाचे दोन हात द्या, पण चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी कड सोडा. ती नसेल तर मागच्या जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवतो. वाळला की तो पुठ्ठा खिडकीजवळ, खिडकीसमोर आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, अशा तीन ठिकाणी एकेक दिवस ठेवा. रात्री तुमच्याच बल्बखाली बघायला विसरू नका. तीन छटा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गुलाबी, एक हिरवट, एक निळसर अशा चटकन वेगळ्या दिसायला लागतात. एकेकटी बघितली की तिन्ही पांढऱ्याच वाटतात.

भिंतींना मॅट रंग द्या, चकाकणारा नको. छत आणि दरवाजाच्या चौकटी त्याच छटेत घेतल्या तर लहान खोलीत नजर अडखळत नाही.

आता या शैलीत फक्त पांढराच चालतो, हा गैरसमज. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सुंडबोर्न गावी कार्ल आणि कारिन लार्सन या चित्रकार जोडप्याचं घर आहे, आता ते लोकांना बघायला खुलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी सजवलेल्या त्या घरातल्या जेवणाच्या खोलीत ठसठशीत लाल आणि हिरवा रंग आहे. पडदे, विणकाम, फर्निचर यांतलं बरंचसं कारिननं स्वतः केलेलं आहे. स्वीडिश घराची जी कल्पना आज जगाच्या डोळ्यांसमोर येते तिच्या मुळाशी हे रंगीत घर आहे. तेव्हा एखादी भिंत, एखादं कपाट, निदान एक खुर्ची तरी रंगीत ठेवायला बिचकू नका.

५. लाकूड: जात आणि लेप, दोन्ही ठरवा

बर्च, ॲश, ओक, बीच आणि पाईन ही या शैलीतली नेहमीची फिकी लाकडं. १९५० च्या दशकातल्या डॅनिश फर्निचरमध्ये गडद सागही भरपूर दिसतो, त्यामुळे घरात सागवानी काही असेल तर ते काढून टाकायचं कारण नाही. एका खोलीत एक मुख्य लाकूड आणि फार तर दुसरं एक, एवढ्यावर थांबा.

सापळा आहे तो लेपाचा. नवीन पाईन कापलेल्या दिवशी लोण्यासारखा फिका असतो आणि वर्षा-दोन वर्षांत नारिंगी होतो. साधं जवसाचं तेल किंवा तेलावर आधारलेलं व्हार्निश लावलं तर हा पिवळेपणा आणखी वाढतो. फिकेपणा टिकवायचा असेल तर पाण्यावर आधारलेलं, न पिवळणारं मॅट व्हार्निश किंवा पांढरं रंगद्रव्य मिसळलेलं लाकडाचं तेल मागा. किंवा जुनी डॅनिश रीत वापरा, साबण.

मी ओकच्या टेबलाला साबण लावते तो असा. एक लिटर गरम पाण्यात साबणाचे दोन मोठे चमचे पापुद्रे विरघळवून कोमट होऊ द्यायचे. फडकं बुडवून, पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने सगळ्या पृष्ठभागावर एकसारखं फिरवायचं. पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. वाळल्यावर हात फिरवला की लाकूड खरखरीत लागतं, कारण पाण्याने त्याचे बारीक तंतू उभे राहिलेले असतात. २४० च्या सँडपेपरने हलकेच घासायचं आणि पुन्हा साबण. नव्या लाकडावर असं तीन-चारदा केलं की पृष्ठभाग बोटांना जवळपास कापडासारखा मऊ लागतो. चमक नाही, रंग बदलत नाही, आणि डाग पडला तर तेवढाच भाग पुन्हा साबणाने धुता येतो. डाग पडतात मात्र, हे आधीच सांगून ठेवते. लाकडावर एकही खूण सहन होत नसेल तर व्हार्निशच बरं.

दोन धोके. ओल्या ओकवर तारेची घासणी कधीही वापरू नका. लोखंडाचे सूक्ष्म कण आणि ओकमधलं टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य मिळून काळे डाग पडतात आणि ते खोलवर जातात. आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता साचते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

६. फर्निचर आधी टेपने आखा, मग घ्या

सोफा, टेबल, कपाट यांचे आकार मास्किंग टेपने जमिनीवर आखा आणि दोन दिवस त्या रेघांना वळसा घालून वावरा. मुख्य वाटेला ८० ते ९० सेंटीमीटर मोकळे हवेत. सोफा आणि त्यापुढचं टेबल यांत ४० ते ४५ पुरतात. जेवणाच्या टेबलाशी माणशी ६० सेंटीमीटर धरा. टेपची रेघ ओलांडायचा मोह सारखा होतोय, असं दिसलं तर ती वस्तू त्या जागेला मोठी आहे.

पायांवर उभ्या असलेल्या वस्तू निवडा. सोफ्याखालची जमीन दिसत राहिली की खोली मोठी वाटते आणि केरही सहज काढता येतो.

चांगली वस्तू कशी ओळखायची हे शिकायचं तर गाजलेल्या खुर्च्या नीट न्याहाळा. डेन्मार्कचे डिझायनर हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये रेखाटलेल्या ‘विशबोन’ खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणलेली असते. फिनलंडच्या अल्वार आल्तो यांचं १९३३ चं तीन पायांचं बर्चचं स्टूल बघा. पाय वरच्या टोकाशी काटकोनात वाकवून बैठकीला खालून बसवलेला आहे, म्हणून जोड झाकायला काहीच लागत नाही आणि एकावर एक रचून त्यांचा मनोराच उभा राहतो. ब्यॉर्गे मोगेनसन यांची १९४७ ची ‘जे ३९’ तर डेन्मार्कच्या सहकारी संस्थेसाठी, साध्या कुटुंबांना परवडावी म्हणून केलेली. या शैलीतलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच: उत्तम वस्तू रोजच्या घरात असावी, हा हट्ट.

म्हणून नामांकित खुर्चीची स्वस्त नक्कल घेण्यापेक्षा बिननावाची पण भरीव लाकडाची, वापरलेली साधी खुर्ची घ्या. ती उलटी करून जोड बघा, हलवून बघा, बसून दहा मिनिटं काढा. स्वतः जोडायचं फर्निचर घेत असाल तर लाकडी खुंट्यांना जोडतानाच डिंक लावा. भुश्याच्या फळीतली स्क्रूची भोकं प्रत्येक वेळी उघडल्यावर सैल होत जातात. आणि उंच कपाट भिंतीला ब्रॅकेटने पक्कं केल्याशिवाय त्यात सामान भरू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

७. कापड: इथे हात आखडता नको

खोली गार वाटत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा कापड कमी असतं. लिनन, लोकर, मेंढीचं कातडं, चिंध्यांपासून विणलेले लांबट गालिचे. रंग दोन-तीनच ठेवा, पण पोत मात्र वेगवेगळे हवेत: एक खरखरीत, एक मऊ, एक जाड विणीचा.

गालिचा लहान घेणं ही नेहमीची चूक. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली घालणार असाल तर चारी बाजूंनी ६० सेंटीमीटर बाहेर हवा, नाहीतर खुर्ची मागे ओढली की तिचे पाय कडेत अडकतात.

पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटीमीटर पुढे न्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर पूर्ण काच मोकळी होते. लिनन आटतं, तेव्हा शिवायच्या आधी कापड धुवून घ्या. मी न धुता शिवले आणि पहिल्या धुण्यातच पडदे जमिनीपासून चार बोटं वर गेले.

नक्षीचं म्हणाल तर, व्हिएन्नाजवळ जन्मलेले आणि १९३३ मध्ये स्वीडनला गेलेले योसेफ फ्रांक यांची पानाफुलांनी गच्च भरलेली कापडं बघा, किंवा १९५१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या मारिमेक्को या कापडांच्या कंपनीची मोठमोठी फुलं. ही दोन्ही याच परंपरेतली आहेत. शांत खोलीत असं एकच कापड टाका, उशी किंवा एखादा पडदा, आणि फरक बघा.

८. शेल्फ आणि भिंती सगळ्यात शेवटी

पसारा झाकायला दारांची कपाटं आणि दिसायला हवं त्यासाठी उघडी शेल्फं, हे प्रमाण साधारण तीनास एक ठेवा. उघडं शेल्फ निवडताना निल्स स्ट्रिनिंग यांनी १९४९ मध्ये केलेलं ‘स्ट्रिंग’ शेल्फ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना तारेच्या बारीक शिड्या, मधे फळ्या, आणि त्यांतून मागची भिंत दिसत राहते. शेल्फ लावताना पाणसळ वापरा, अंदाजावर जाऊ नका.

चित्रांचे आकार वर्तमानपत्रातून कापून टेपने भिंतीवर लावून बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवला तर उभ्याने बघायला सोयीचं पडतं. सोफ्यावरचं चित्र सोफ्याच्या पाठीपासून वीतभरच वर हवं, फार वर गेलं की ते तरंगतं.

पण खिळे ठोकण्याआधी पहिल्या पायरीतली वही पुन्हा उघडा. माझ्या नकाशावर ‘दुपारी चार’च्या खुणेशी सोफ्यामागच्या भिंतीवर एक रेघ होती. त्या वेळी बाहेरच्या झाडाची सावली तिथे येते, पानं हलतात तशी हलते आणि वीसेक मिनिटांनी निघून जाते. तिथे लावायला आणलेलं चित्र मी दुसऱ्या खोलीत नेलं.